गाडी हुंगणारा

गोव्यातल्या साखळी गावात जुनी गाडी घ्यायची तर आधी तिथल्या एका मेकॅनिकला दाखवायची. हा मेकॅनिक बॉनेट उघडत नाही, गाडी किती पळाली हेही विचारत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलतो आणि गुडघे टेकून तिथं नाक लावतो. "इंजिन धुवंक मेळटा, वास धुवंक मेळना," इंजिन धुता येतं, वास नाही, एवढंच त्याचं गाड्यांविषयीचं मत.

यंदाच्या पुरात माझी गाडी बुडाली. आठ दिवस दारं उघडी टाकून मी ती वाळवली, आत धूप फिरवला आणि विकायला काढली. पेडण्याहून एक मास्तर बघायला आले, ते नेमके त्यालाच घेऊन. मी चहा विचारला. कोणी हो म्हणायच्या आत पुन्हा विचारला. त्यानं मॅट उचलून हुंगलं आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की मी किल्ली या हातातून त्या हातात करू लागलो.

"उदक खंयपर्यंत आयिल्लें, तें धन्याक विचारात," असं मास्तरांना सांगून तो नळावर हात धुवायला गेला.

पाणी कुठवर चढलं होतं, असं विचारत मास्तर माझ्याकडे वळले. मी वाकून चाकाच्या मध्यावर बोट ठेवलं.

"वयर," नळाकडून आवाज आला. तो पाठमोराच होता.

मी बोट दाराच्या कडीवर नेलं, आणि तो बोलायच्या आधीच अजून वर.