तिघी की चौघी

"आधी माझं सांगते." कुणाच्याही घरात टेकल्या की बाई छातीवर हात ठेवून हे वाक्य म्हणायच्या. मराठीतलं त्यांचं हे पहिलं पाठ वाक्य. उच्चार असा की समोरची बाई आधी हसायची आणि मग पदर सावरून ऐकायला बसायची. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं. विचारायला आलेलं माणूस आधी स्वतःचं कशाला सांगेल?

तुम्ही म्हणाल, मी संशयी. आहेच. मुरुमला कॉलेजात इंग्रजी शिकवते, उत्तरपत्रिका तपासून तपासून हा स्वभाव झालाय. त्यात त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या भागात इतके अभ्यासक येऊन गेले की गळ्यात कॅमेरा दिसला तरी बायका दार लोटून घेतात. अमेरिकेतल्या या प्राध्यापक बाईंबरोबर दुभाषी म्हणून मला पाठवलं, तेव्हाच मी मनात म्हटलं, या जातील विमानानं, लोकांना तोंड द्यायचंय मला.

बाईंचा विषय चिकाना अभ्यास. मूळ मेक्सिकोचं, पण जन्म आणि वाढ अमेरिकेतली, अशा बायका म्हणजे चिकाना. स्वतःच्याच आई-मावश्यांचा अभ्यास करायला पगार मिळतो हे ऐकून मला हेवा वाटला आणि पाठोपाठ संशयही आला.

त्या सांगायच्या ते असं. आजी मेक्सिकोची. आई टेक्सासात कांदे काढायची, बीट खुरपायची. पीक जिथं, तिथं बिऱ्हाड, त्यामुळं बाईंची शाळा दर हंगामाला बदलायची. घरातून कॉलेजात पोचलेली ही पहिलीच पोर. तिथल्या इतिहासाच्या पुस्तकांत आईसारखी एकही बाई दिसेना, म्हणून अशा बायकांच्या आठवणी लिहून घ्यायचं काम त्यांनी हाती घेतलं. आता ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बायकांचं ऐकायला आल्या होत्या. बायकांना ते पटायचं. "म्हंजी तुमची आई बी बिऱ्हाड घेऊन हिंडायची की!" म्हणत चहा पुढं यायचा. बशीतून फुर्र करून प्यायला बाई दुसऱ्याच दिवशी शिकल्या. इतक्या लवकर रुळणारं माणूसही मला बरं वाटत नाही.

मग एक गोष्ट सापडली. अणदूरला पहिल्या घरात त्या म्हणाल्या, "आम्ही तिघी बहिणी." शेजारच्या घरात चौघी झाल्या. पुढच्या घरी परत तिघी. मी निमूटपणे भाषांतर करत होते, पण कॉपी पकडल्यासारखा आनंद झाला होता.

परतताना जीपमध्ये मी सरळच विचारलं, "तुम्ही नक्की किती बहिणी?"

त्यांनी तोंड बाहेरच्या सोयाबीनकडं वळवलं. मग म्हणाल्या, "धाकटी लहानपणीच गेली. कांद्यावर औषध फवारलं होतं आणि आम्ही पोरी तिथंच खेळत होतो. ज्या घरात भिंतीवर हार घातलेला फोटो असतो, तिथं मी चौघी म्हणते. बाकीच्यांना कशाला त्रास?"

माझा संशय उलट वाढला. फोटो बघून बहीण काढायची, ही माया की बायकांना बोलतं करायची युक्ती?

सास्तूरला मला खरीच भीती वाटली. तिथल्या एक मावशी माझ्या ओळखीच्या. भूकंपात त्यांची लेक गेली. किती जण विचारून गेले, पण लेकीबद्दल मावशींनी कधी शब्द काढला नाही. तो कुणाच्या तरी पुस्तकासाठी निघावा हे मला नको होतं. दारातच मी बाईंना बजावलं, "इथं तिघीच म्हणा."

छातीवर हात गेला. आई झाली, कांदे झाले. बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "तिघी."

"हायती त्या तिघी," मावशी म्हणाल्या. "आन् गेलेली?"

सास्तुरात हा प्रश्न सहज विचारतात. भूकंपाआधीच्या जुन्या गावातलं कोण राहिलं आणि कोण गेलं, असंच घर मोजायची तिथली रीत. मला तो इंग्रजीत सांगावाच लागला.

बाईंनी आधी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. खरंच बंद झालं का, हे मी मान वाकडी करून बघितलं. झालं होतं. मग त्या मराठीतच म्हणाल्या, "एक. धाकटी." हे शब्द मी त्यांना शिकवले नव्हते.

"माझी बी येकच," मावशी म्हणाल्या. आणि बोलायला लागल्या. लेक शेंगा सोलता सोलता निम्म्या खायची आणि पकडली गेली की टरफलं भावाच्या खिशात घालायची. मावशी हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मी एका शब्दाचंही भाषांतर केलं नाही. बाईंनी मागितलंही नाही.

निघताना मावशींनी पेटीतून खण काढले. बाईंना पदर नव्हता, म्हणून त्यांनी सदऱ्याचा घेर पुढं धरला. मावशी एकेक खण टाकत गेल्या. चार झाले.

"मावशी, तिघींना चार?" मी पुटपुटले.

"गप बसा म्याडम," मावशी डाफरल्या. "धाकटीला वगळत्यात व्हय कुनी?"

बाई परत गेल्या त्याला वर्ष होत आलं. त्यांनी काय लिहिलं, कसं लिहिलं, मला ठाऊक नाही. मावशी बाजाराला मुरुमला येतात तेव्हा हटकून विचारतात, "तुमच्या बाई बऱ्या हायत नव्हं? चौघी बी?"

"बऱ्या आहेत," मी म्हणते. "चौघीही."