आहेरात आलेला मफलर

आमच्याकडे आहेराची कापडं फार फिरतात. बारामतीत दिलेला ब्लाउजपीस इंदापूर, वरकुटे करत दोन-तीन वर्षांत पुन्हा आपल्याच ओटीत येऊन पडतो. म्हणून शहाण्या बायका आलेल्या कापडाच्या कोपऱ्यावर पेनाने देणाऱ्याचं नाव घालून ठेवतात, म्हणजे ज्याचं त्यालाच परत जायला नको. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई या कामात पटाईत. त्यांच्या ट्रंकेत बिननावाचं कापड सापडायचं नाही. एकच होतं, आणि ते नेमकं आमच्या वाट्याला आलं.

मैत्रीण कसली, पाठची बहीणच. बारामतीत आमची घरं एका गल्लीत. कॉलेजला जायचो ते जोडीने. पुढे तिला इंदापुरात दिली, मला बारामतीतच. माझ्या दोन्ही बाळंतपणांत ती उशाशी होती. आई गेली तेव्हा माझ्याआधी तिने हंबरडा फोडला. नवरा चिडवायचा, "ही तुझी मैत्रीण नाही, माझी सवत आहे."

त्या कॉलेजच्या दिवसांत भिगवणहून एसटीने येणारा एक मुलगा होता. मला तो आवडायचा, असं आता या वयात सांभाळून म्हणते. खरं म्हणजे जीव जडला होता. संध्याकाळी त्याची गाडी लागेपर्यंत मी स्टँडवरच्या बाकावर विणत बसायची. तो समोर उभा राहून विचारायचा, "माझ्यासाठी कवा इणणार?"

"थंडी पडली की," मी म्हणायची.

थंडी पडली आणि मी चॉकलेटी लोकरीचा मफलर घातला विणायला. शेवटची चार बोटं राहिली आणि लोकर संपली. तसला रंग कुठल्या दुकानात मिळेना, म्हणून भाचीच्या टोपीतून उरलेली जांभळी लोकर लावून टाकली. दिसायचं ध्यान, पण मला तो जगातला सगळ्यात देखणा मफलर वाटायचा. एवढ्यात घरी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आणि माझं बाहेर पडणं बंद झालं. मफलर मैत्रिणीच्या हाती दिला आणि निरोप दिला: मनात असेल तर घरच्यांना घेऊन मागणी घालायला ये.

ती परत आली ती मान खाली घालूनच. "मफलर घेतला त्यानं. पण त्याचं लगीन ठरलंय. तुला इसरायला सांगितलंय."

मी सुया उचलून परसातल्या विहिरीत टाकल्या. पुन्हा कधी हातात धरल्या नाहीत. पुढच्याच स्थळाला हो म्हटलं. नवरा भला निघाला, देवाची कृपा. पण भल्या माणसाशेजारी बसूनही माणूस आतल्या आत झुरू शकतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तो मुलगा आता भिगवणला हायवेवर खानावळ चालवतो. आणि माझ्या नवऱ्याला चिलापी माशाचं वेड! दर दोन-तीन महिन्यांनी गाडी तिथेच थांबणार. तो मला "या वहिनी" म्हणायचा, पाण्याचे ग्लास ठेवायचा आणि मान वळवायचा. माझं रक्त उकळायचं. माझा मफलर ठेवून घेतलास, आणि वर मलाच तोंड फिरवतोस! मैत्रीण सोबत असली की मात्र तिथे गाडी थांबू द्यायची नाही. म्हणायची, "तितलं तेल घशाला लागतंय." मासे न खाणारीला तेलाची चव कशी कळली, हा प्रश्न मनात यायचा. पण एवढ्या जवळच्या माणसावर संशय घ्यायचा कसा?

मागच्या माघात तिच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. जेवणं आटोपल्यावर सासूबाई पाहुण्यांना टॉवेल-टोपी देत होत्या. माझ्या नवऱ्याची पाळी आली आणि टॉवेल संपले. "थांबा जावईबापू, तुमाला रिकामं कसं पाठवू?" म्हणत त्या आत गेल्या आणि ट्रंकेच्या तळातून काहीतरी घेऊन आल्या. "ह्यो बघा, नवाकोरा हाय. कुणाचं नाव बी न्हाय ह्याच्यावर." नवऱ्याच्या डोक्याला टोपी घातली आणि गळ्यात मफलर. चॉकलेटी. टोकाला चार बोटं जांभळी.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता, तो तिने खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. मी पाठोपाठ गेले.

"दिलाच न्हाईस व्हय त्याला?"

ती ओट्याला टेकली. "न्हाय. लगीन झाल्यावर संगं आणला आन् ट्रंकेच्या तळाला दडवला."

"आणि त्याचं लग्न?"

"ठरलं नव्हतं. त्याला सांगितलं, तुझंच ठरलंय म्हणून. आन् तुजी विच्छा बी हाय म्हणून." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मलाबी आवडायचा गं तो. त्याला कदी कळलंबी न्हाय. ना तुला मिळाला, ना मला. तोंडात मार माज्या, पण बोल कायतरी."

मी बाहेर येऊन चपला घातल्या. ज्या खांद्यावर डोकं ठेवून मी त्याच्यासाठी रडले होते, तो खांदा हाच. आता हिच्यासाठी रडायला मी कुणाकडे जायचं? तेव्हापासून तिचे फोन येतात, मी उचलत नाही. आणि रोज सकाळी दळण टाकून येताना वाटतं, तिला एक फोन करावा.

घरी नवऱ्याला मफलर भारी आवडला. "ऊब बघ काय आहे!" म्हणत तो रोज गुंडाळायला लागला. काढा, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढच्या रविवारी भिगवण. जाताना गाडीत एकच मनात होतं. मला आता त्या माणसाकडून काही नको होतं. संसार, मुलं, सगळं जागच्या जागी आहे. पण मी त्याला झिडकारलं नव्हतं, एवढं त्याला कळावं. मरायच्या आधी कळावं.

तो ताटं घेऊन आला. नवऱ्याच्या गळ्याकडे पाहून म्हणाला, "झकास हाय की सायेब. वहिनींनी इणला व्हय?"

नवरा हसला. "हिला कुठं येतंय विणायला! आहेरात आलाय, इंदापुरात."

त्याने इंदापुरातल्या कुठल्या घरातून, ते मैत्रिणीच्या नावानिशी सांगून टाकलं आणि भाकरी मोडली. खानावळवाला तिथेच उभा राहिला. मला विणता येतं, हे त्या खानावळीत दोघांनाच माहीत होतं. त्याने खाली लोंबणाऱ्या जांभळ्या टोकाला हात लावला.

"शेवटाला लोकर संपली वाटतं," तो म्हणाला.

"संपली होती," मी म्हणाले. "पण थंडी सरायच्या आत पुरा केला होता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मान वळवली नाही. नवरा काटे काढण्यात गुंतला होता. "रस्सा आणतो," म्हणून तो आत गेला.

रस्सा त्याच्या बायकोने आणून वाढला.