भाभीचा बोर्ड

ढाणकीत घरी बायकांच्या आतून घालायच्या बॉड्या शिवून विकणारी भाभी बोलायची भरभर, पण माप नुसत्या नजरेनं अचूक घ्यायची. कापसाला भाव नव्हता त्या वर्षी बायका तिच्याकडे येईनाशा झाल्या. मग ती थैली घेऊन वेचणीच्या वावरातच जाऊ लागली. तिचा माल गावोगाव पोचला. शेवटी तिनं बाजारात दुकान घेतलं आणि स्वतःच्या ब्रँडचा बोर्ड रंगवून आणला. त्यावर ठळक लिहिलं होतं, ‘बॉडी’.

ती शिडीवर चढून तो ठोकायला लागली, तोच शेजारचा दुकानदार धावत आला. “भाभी, भर रस्त्यावर हे कायले लावून राह्यल्या? लाज नाही वाटत?”

ती शिडीवरूनच म्हणाली, “तुमच्या घरच्या तिघीही माह्याच बॉड्या घालतात, भाऊ. त्यायले इचारून या.”

तो आल्या पावली परतला. खाली शिडी धरलेली मी, तिची मदतनीस, हसून हसून हलत होते.

“हलू नको वो,” भाभी ओरडली, “मले खिळा ठोकू दे!”