बापाची दाद

व्हायोलिन थांबलं तेव्हा माझा बाप स्टेजसमोर उभा होता. हातात दुमडलेली नोट. आणि सगळं सभागृह हसत होतं.

गोंदियातला कार्यक्रम. नामांकित व्हायोलिनवादक. फलकावर ‘सर्वांना आग्रहाचं निमंत्रण’ वाचलं आणि मीच बाबाला गावाहून, दरेकशाहून बोलावून घेतलं. बाबा जंगलकामाचा मजूर, पण गाण्याबजावण्याचा वेडा. व्हायोलिन सुरू झालं आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

“पोरी, याले काही देल्याबिगर कसं जमन?” म्हणत तो उठला.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. रात्री दंडार होते, नाच-गाण्याचा खेळ. नाच-गाणं रंगात आलं की माणूस उठतो, कलाकाराच्या हातावर इनाम ठेवतो. माइकवरून त्याचं नाव पुकारतात. फाटका माणूसही देतो. आवडलं आणि ढिम्म बसून राहिला, तर तो कलाकाराचा अपमान. बाबाला एवढंच ठाऊक.

वादकांनी गज खाली घेतला. तबलजीकडे पाहून हसले. एवढा मोठा माणूस, पण नोट घ्यायला एक हात पुढे करता आला नाही.

आयोजकांतला एक जण धावत आला. बाबाचं बखोट धरलं.

“ये मंडई नहीं है, बाबा. पंडितजी से माफी माँगो और पीछे जाके बैठो.”

बाबानं माझ्याकडे पाहिलं. “काय चुकलं वं माहं?” म्हणाला आणि हात जोडू लागला.

ते हात पाहून माझं डोकं फिरलं. मी धावत गेले. त्याचे दोन्ही हात धरून वेगळे केले.

“माह्या बापानं चोरी नाही केली. दाद देली. माफी नाही मांगत.”

हसणं थांबलं. आम्ही मधल्या वाटेनं बाहेर पडलो.

त्या वर्षी मंडईत दंडार चांगली रंगली. बाबा मागे बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. एकदाही उठला नाही. मला तिथंच रडू फुटलं.

लोक म्हणतात, जाऊ दे, त्याला रीत माहीत नव्हती. रीत माहीत होती म्हणूनच तो उठला होता.

मी त्या सभागृहात पुन्हा जाणार. पुढच्या रांगेत बसणार. माझ्या कुठल्याही माणसाला कुणी हात जोडायला लावले, तर कार्यक्रम मी तिथंच बंद पाडीन.