खारट बादली

आठवड्यानं नळाला पाणी आलं की दिसेल ते भांडं भरायचं, ही आमच्या संभाजीनगरची जुनी सवय. माझ्यासारख्या पन्नाशीतल्या शहाण्या बाईनं त्या घाईत आमच्या ह्यांची समुद्री माशांची काचेची टाकीही भरायला घेतली. नळी आत सोडली आणि गच्चीवरचे ड्रम बघायला गेले. परतले तर नवं लाकडी फ्लोअरिंग पाण्याखाली. टाकीत गोडं पाणी मिसळून प्रवाळ मिटलेले, मासे धापा टाकत होते. ह्यांनी पोरांहून लाडानं वाढवलेलं सगळं!

हे धावत येऊन समुद्री मीठ कालवायला बसले. तेवढ्यात दारात एक बाई, हातात भरलेली बादली. खालच्या मजल्यावरच्यांकडं कन्नड तालुक्यातून आलेली पाहुणी. छत गळतंय म्हणून भांडणार, या समजुतीनं मीच आधी तोंड वाकडं केलं.

तिनं बादली ठेवली, पदर खोचला आणि गोधडी मागितली. गोधडी अंथरायची, वर उभं राहायचं, उचलून मोरीत पिळायची. मग फळीवर टाच दाबून कान द्यायची. पचपचलं की पुन्हा गोधडी.

मासे वाचले, प्रवाळही हळूहळू उमलले. दाराजवळच्या दोन फळ्या मात्र आजही होडीसारख्या वाकलेल्या आहेत.

ती निघाली तेव्हा मी विचारलं, "बादली कशाला आणली होती?"

"तुमचंच पाणी हाय ताई, छतातून गळालेलं. फेकवंना म्हणून धरलं, भाजी धुवायच्या आधी चाखलं. मीठ लई पडलंय बघा तुमच्या हातून."