तक्रार मंजूर झाली

मुलांनो, आत्याचा आवाज कसा होता, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. आता नीट, क्रमाने सांगते.

तुमची आत्या, माझी लेक, गेली तेव्हा आम्ही धारला राहत होतो. तिचं लग्न व्हायचं होतं. आदल्या भाद्रपदात महालक्ष्म्या घरात आणताना ती गायली, ते शेजारच्या भाभींनी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं आणि मूळ कॅसेट आम्हालाच दिली. ती गेल्यावर कॅसेट लावायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही ती देवघरात ठेवली. दर वर्षी महालक्ष्म्यांपुढे मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा देवघरात. देवासला राहायला आलो तरी हेच चाललं.

बऱ्याच वर्षांनी तुमच्या बाबाचा परदेशातून फोन आला, "आई, नेटवर ताईचा आवाज आहे."

सायबर कॅफेत मी आणि आजोबांनी एकच हेडफोन आळीपाळीने कानाला लावला. देवीचे फोटो सरकत होते आणि मागे ती गात होती. मधेच कुणीतरी म्हणतं, "जपून गं, उंबरा आहे." ती मी. व्हिडिओखाली नाव मात्र कुठल्याशा भजन मंडळाचं होतं.

"आपल्या पोरीचा आवाज आणि नाव भलत्याचंच!" आजोबांनी हेडफोन काढून ठेवला. "इंग्रजी शिकलीस ना? लिही. तिचं नाव लावा म्हणावं."

कॉपीराइटच्या तक्रारीचा फॉर्म इंग्रजीत होता. मी दोनदा वाचला. व्हिडिओ काढून टाका असं सांगता येत होतं. नाव लावा असं सांगायला कुठे जागाच नव्हती.

"मग काढायला लाव," आजोबा म्हणाले. "मूळ कॅसेट आहे की आपल्याकडे. आपण तिच्या नावाने लावू."

तुमचं नातं काय, या प्रश्नापुढे मी 'आई' असं इंग्रजीत लिहिलं. थोड्याच दिवसांत उत्तर आलं. तक्रार मंजूर झाली होती, व्हिडिओ काढला होता. त्या संध्याकाळी आजोबांनी गोडाचं करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी कॅसेट देवघरातून उचलली, रुमालात गुंडाळली आणि आम्ही टेप दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने स्क्रू काढले आणि कॅसेट उजेडात धरली.

"भिया, इसमें तो कुंकू भरा है. तेल भी है. पूजा करी थी क्या इसकी?"

"हाँ," आजोबा म्हणाले.

आतली पट्टी ठिकठिकाणी चिकटून बसली होती. त्याने फार हळुवार हाताने सोडवायला घेतली, तरी ती तुटत गेली.

व्हिडिओ परत लागावा म्हणून मी तक्रार मागे घेतली. उत्तर आलं, की ज्याने व्हिडिओ लावला होता त्याने खातंच बंद केलं आहे. धारच्या भाभींना फोन केला तेव्हा कळलं, त्यांनी एकच प्रत काढली होती, ती बदनावरच्या बहिणीला दिली होती आणि व्हिडिओ तिच्याच मुलाने लावला होता. मी त्याला फोन लावला.

"माताजी, कॉपीराइट पढ़के मैं तो डर गया. कोर्ट-कचेरी कौन करे? खाता बंद कर दिया, कैसेट भी जला दी." मग म्हणाला, "एक फोन कर देते तो दीदी का नाम लिख देता. इसमें क्या था?"

हे शेवटचं वाक्य मी आजोबांना सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.

पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढची ती जागा आजोबांनी रिकामीच ठेवली. मी मुखवटे घेऊन दारात आले तेव्हा ते म्हणाले, "तू म्हण ना तिचं गाणं." मी तोंड उघडलं. ओळी आठवत होत्या, पण तिची चाल काही केल्या येईना. नुसती उभी राहिले.

तेव्हा आजोबा पुढे आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "जपून गं, उंबरा आहे."