एकादशी समजून काढलेल्या फळ्या

पेणच्या डॉक्टरनं माझे हात उलटसुलट करून बघितले, रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि सांगितलं, आमवात आहे, आणि तो साधा नाही. अंगातलं सैन्य आपल्याच माणसांवर उठतं म्हणे. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या भावकीसारखं." तो हसला नाही.

मग मी विचारलं, डोकं का चालत नाही? बोलता बोलता शब्द हरवतो. घरातून निघतो आणि कशाला निघालो ते आठवत नाही. तो म्हणाला, ह्याच दुखण्यानं होतं, डोक्यात धुकं बसतं. धुकं काय, ऊन चढलं की उठतं. माझ्या डोक्यात खाडीचा चिखल आहे. पाय घातला की वर निघत नाही.

बायको जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. पोटाच्या दुखण्यानं गेली, तडफडत. लोक म्हणाले, सुटली बिचारी. असं म्हणणाऱ्याच्या थोबाडात द्यावीशी वाटायची, पण हात हे असे.

आमचं गाव पेणच्या बाजूला, खाडीकाठी. खाडी आणि भातशेतीच्या मध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला फळ्या वर ओढायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरतीच्या आधी फळ्या खाली टाकायच्या, खारं पाणी आत येत नाही. काम एवढंच, पण चुकलं तर गावाचं भात गेलं. आधी बाप करायचा, मग मी. आताची पोरं डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला जातात, त्यांना भरती-ओहोटीशी काय करायचंय? म्हणून काम माझ्याकडेच राहिलं.

राहिलं म्हणजे मला हवंच होतं. मुलाचा रोह्याजवळ वरसेला फ्लॅट आहे. बायको गेल्यापासून तो एकच पाढा म्हणत होता, "बाबा, चला तिकडं." मी म्हणायचो, "उघाडी कोण बघंल, तुझा सासरा?" की त्याचं तोंड बंद व्हायचं. उघाडी होती तोवर माझं घर माझं होतं.

भरतीची वेळ तिथीवरून निघते. तिथी सांगा, पुढचं मी झोपेतही बोलून दाखवीन. एकादशीला भरती सकाळी आठाच्या सुमाराला, तीही मेल्यासारखी. अमावास्येला दुपारी बाराला, आणि ती उधाणाची, बांधाच्या माथ्याला जीभ लावणारी. पण तिथी माझ्याकडे कधी नव्हतीच, ती बायकोकडे असायची. ती एकादशी धरायची, चतुर्थी धरायची. सकाळी चुलीपाशी भिजलेला साबुदाणा दिसला की मला कळायचं आज काय ते, आणि पुढचे दिवस मी तिथून मोजायचो. संसारभर असंच चाललं. कधी चुकलं नाही. ती गेल्यावर मी बांधावर थांबून, काठाचा चिखल बघून भागवत होतो.

"घरात कॅलेंडर नव्हतं का?" असं मुलानं नंतर विचारलं. होतं की. पण कॅलेंडर बघायला आज कोणती तारीख ते आधी ठाऊक लागतं.

दुखण्याशी मी माझ्या परीनं जमवून घेतलं होतं. उठल्यावर हात कोमट पाण्याच्या टोपात बुडवून बसायचं. सदऱ्याची बटणं लावायची सोडली, मुलाचे जुने टी-शर्ट घालायचो. फळ्यांना दोरीचे फास बांधले होते. फास मनगटात अडकवला की बोटं न वापरता फळी वर यायची. खाली टाकायला मात्र बोटंच लागतात, ती खाचेत बसवून दाबावी लागते. शांत पाण्यात तेवढं कसंबसं जमत होतं.

श्रावण चालला होता. पाऊस थांबेना, शेतात पाणी तुंबलं होतं. सकाळी शेजारणीनं वाटीभर साबुदाण्याची खिचडी पाठवली. बायको गेल्यापासून साबुदाणा बघितला नव्हता. तिच्या खिचडीत मिरची जास्त असायची, हिची गोडसर. मी खाल्ली, आणि तिच्या आठवणीत डोकं एकदम लख्ख झाल्यासारखं वाटलं. आज एकादशी. भरती आठाला होऊन गेली. आता ओहोटी.

बांधावर गेलो. खाडी अर्धी होती. पाणी चढताना अर्धं असतं तसं उतरतानाही अर्धंच असतं. एरवी काठाचा ओला चिखल बघून कळतं, पण पावसात सगळंच ओलं. मी बघत उभा राहिलो नाही. गुडघे ठणकत होते. फास मनगटात घातला, फळ्या ओढल्या, आणि शेतातलं पाणी धो धो खाडीकडे निघालं. ते बघून बरं वाटलं. घरी येऊन गोळी घेतली आणि आडवा झालो.

दारावर लाथा बसल्या तेव्हा जाग आली. बांधावर गेलो तर उघाडीतून खाडी आत येत होती, तपकिरी, फेसाळ, बैलाच्या जोरानं. मी फळी उचलून खाचेत धरली, पाण्यानं ती माझ्या हातातून उडवली. दुसरी धरली. बोटांत कळ गेली आणि तीही सुटली. डोलवीहून शिफ्ट करून आलेल्या दोघांनी पाण्यात उतरून फळ्या बसवल्या, पण तोवर भातात गुडघाभर खारं पाणी भरलं होतं.

त्यातला एक वर येऊन ओरडला, "म्हाताऱ्या, झोपला होतास?"

"व्हय."

"मग झोपेतच मेलास का नाय?"

प्रश्न बरोबर होता.

शेजारीण बांधावर आली. तिचं शेत उघाडीला लागून, सगळ्यात आधी तिचंच बुडालं. मी तिच्यावरच ओरडलो, "खिचडी पाठवलीस तवा सांगायचंस ना, कसला उपास ते!"

"श्रावणी सोमवार हाय भावजी. आणि आज अमावास्या."

"आमच्यात सोमवार कुणी धरत नाय."

"बरं. पुढल्या येळी विष पाठवीन, सांगून."

एकादशी होऊन चार दिवस झाले होते. ते चार दिवस मी जेवलो, झोपलो, गोळ्या घेतल्या, पण ते कुठे गेले ते मला आजही सांगता येणार नाही.

मग ती पदर खोचत सगळ्यांसमोर बोलली, "उघाडी तुमी कधी राखलीच नाय, भावजी. तीच राखत होती. ती मेली तवाच तुमच्याकडनं काढून घ्यायला हवी होती."

 

आठवड्यात भात तांबूस पडलं, मग वाळलं. देवळात बसून गावानं उघाडी एका पोराला दिली. तो भरतीची वेळ मोबाईलवर बघतो. मला बोलावलं नव्हतं, मीच जाऊन दाराशी उभा राहिलो. एकानं विचारलं, "काका, आज तिथी काय?" आणि सगळे हसले. मला खरंच ठाऊक नव्हतं.

रविवारी मुलगा रिक्षा घेऊन आला. या वेळी त्याच्यापुढं करायला माझ्याकडे उघाडी नव्हती. माझे चार कपडे, गोळ्यांची पिशवी आणि तिचा फोटो त्यानं रिक्षात ठेवला. घराला कुलूप मी लावलं. लावायला वेळ लागला, तो थांबला.

"चावी द्या."

"माझ्याकडं राहू दे."

"हरवाल, बाबा."

मी चावी तळहातावर घेऊन बोटं मिटली. निदान मिटायला बघितली. ती अर्ध्यावरच थांबली, पंजा उघडाच राहिला. त्याला ओढावं लागलं नाही. तळहातावरचं पान उचलावं तशी त्यानं चावी उचलली आणि म्हणाला, "बसा आता. कोलाडच्या आधी पाऊस गाठंल."